राणीची खुर्ची

मुजरा कसा करायचा ते जयसिंगला मीच शिकवलं.

शाळेच्या मागं कडुनिंबाखाली आमची तालीम चालायची. जयसिंग म्हणजे गावच्या सरपंचांचा, तात्यासाहेबांचा मुलगा. नाटकात तो प्रधान होता आणि मी राणी. शेवटच्या प्रवेशात प्रधानानं राणीला मुजरा करायचा होता, आणि रोज तिथं येऊन गाडी अडायची. तो असा काही वाकायचा की पेडणेकर बाईंना हसू आवरायचं नाही.

"जयसिंग, काही सांडलंय का रे तुझं? काय शोधतोयस?"

"बाई, पाठच वाकंना."

"विट्टी उचलताना बरी वाकते."

"ती विट्टी असती बाई."

सगळी पोरं हसली. मी पालथ्या घमेल्यावर बसले होते. तेच माझं सिंहासन. मी उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कंबर शेवटी," मी म्हटलं. "आधी नजर खाली. मग मान. मग खांदे पडू द्यायचे. कंबर आपोआप येती. अन् वर येताना नजर सगळ्यात शेवटी वर करायची."

मी करून दाखवलं. त्यानं केलं, आणि पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

"तुला गं कुठनं येतं हे?" त्यानं विचारलं.

"बघून."

बाई हसायच्या थांबल्या. का थांबल्या ते मला तेव्हा कळलं नाही. मी तर हे रोज बघत होते. माझी आई तात्यासाहेबांच्या अंगणात उभी राहून पदरात जोंधळे घ्यायची, तेव्हा याच क्रमानं वाकायची. ओढ्यापलीकडच्या आमच्या मांगवाड्यात वाकणं कुणाला शिकवावं लागत नव्हतं. ते पोरांना चालण्याबरोबर यायचं.

पेडणेकर बाई त्याच वर्षी कोकणातून बदलून आल्या होत्या. आमच्या शाळेतल्या त्या पहिल्या बाई. एकट्याच राहायच्या, तात्यासाहेबांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. स्नेहसंमेलनाचं नाटक त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. राजा वारलेला आहे, दुष्काळ पडलाय आणि राणी राज्य चालवते आहे. प्रधानानं धान्य दडवून ठेवलंय. राणी त्याला दरबारात बोलावते आणि म्हणते, "कोठाराच्या किल्ल्या इथं ठेव." तो ठेवतो. मग ती म्हणते, "आता मान खाली घाल. माझ्यापुढं नव्हे, उपाशी राहिलेल्या माणसांपुढं." प्रधान मुजरा करतो. आणि मग राणीचं शेवटचं वाक्य: "ऊठ. आजपासून या राज्यात कुणी कुणापुढं वाकायचं नाही." तिथं पडदा.

ते वाक्य मी ओढ्यावर पाणी भरताना म्हणायची, शेण गोळा करताना म्हणायची.

राणीचं काम मला मिळालं याचं कारण मी समजत होते तसं नव्हतं. मला वाटायचं, माझा आवाज खणखणीत आहे म्हणून. खरं म्हणजे वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या घरून निरोप आले होते, की आमच्या पोरी तोंडाला रंग लावून चारचौघांत उभ्या राहत नसत्यात. माझ्या घरून कुणी आलं नाही. माझ्या तोंडाला रंग लागल्यानं गावात कुणाची अब्रू जाणार नव्हती.

मालननं तर विचारलंही नव्हतं. मालन म्हणजे तात्यासाहेबांच्या भावाची मुलगी, आमच्याच वर्गातली. तिला एकटीनं घरी जायची मुभा नव्हती. जयसिंगबरोबरच जायचं. म्हणून तालीम संपेपर्यंत ती पायरीवर बसून असायची, मांडीवर भरतकामाचा रुमाल घेऊन. मधूनमधून तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं, टाके मोजते आहे.

---

आईला सांगितलं तेव्हा ती केरसुणी बांधत होती.

"राणी? कुठली राणी?"

"नाटकातली."

"अन् काय करती ती?"

"खुर्चीवर बसती. हुकूम सोडती."

"कुणाला?"

"प्रधानाला."

"प्रधान कोण झालाय?"

मी सांगितलं. आईचे हात थांबले.

"अगं बया. त्याच्या आईला ठावं हाय का?"

"नाटक हाय गं ते."

"व्हय. नाटक." तिनं शिंदीची पात दातात धरून गाठ आवळली. "मग जरा हळू आवाजात सोड हुकूम."

पण दोन-तीन दिवसांनी मी शाळेतून आले, तर तिनं पत्र्याची पेटी उघडली होती. तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं तिच्या मांडीवर होतं. माझ्या उंचीला बसावं म्हणून ती त्याला आतून टाके घालत होती. दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला गेलेले, त्यामुळं कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

"आई, खराब होईल."

"होऊ दे. मी हे नेसले त्या दिवसापास्नं बसायला कुठं मिळालंय मला." ती सुई केसांत घासून परत टाका घालू लागली. "ह्या लुगड्यात कुणीतरी खुर्चीवर बसल्यालं बघीन. तेवढंच."

तिनं माझ्याकडं आयुष्यात मागितलेलं, मला आठवतं तसं, तेवढंच.

---

एका दुपारी तात्यासाहेब तालीम बघायला आले. जयसिंगनं त्यांना पाहिलं आणि त्याचा मुजरा परत बिघडला. बाईंनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. ते पाय लांब करून बसले, सगळं नाटक त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि टाळ्याही वाजवल्या.

"झकास, बाई. मुलांना वळण लागतं. फक्त एक सुचवू का?"

"सुचवा की."

"त्या काळच्या राण्या अशा उघड्यावर बसायच्या का हो? पडद्यात असायच्या."

"पण तात्यासाहेब, ही राणी राज्य चालवते."

"चालवू दे की. पडद्यातनं चालवता येत नाही का? आमच्या मातोश्रींनी माजघराचा उंबरा ओलांडला नाही, पण सगळं गाव चालवलं." ते हसले. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. मी समोर घमेल्यावर होते आणि त्यांची नजर माझ्यावरून अशी जायची, जशी आपली नजर उंबऱ्यावरून जाते. उठताना ते म्हणाले, "तुमच्या खोलीला आतून कडी नाही म्हणत होता ना? उद्या सुतार पाठवतो. एकट्या बाईमाणसाला कडी पाहिजेच."

ते गेल्यावर बाई बराच वेळ हातातल्या कागदांच्या कडा जुळवत राहिल्या.

"अनसा," त्या म्हणाल्या, "तू पडद्यामागं बस. आवाज तुझाच राहणार. आणि नाटकात आवाजच महत्त्वाचा असतो."

मी होय म्हटलं. बाई सांगतील ते मी करायची. मला त्या आवडत होत्या.

दोन बांबूंना बाईंची चादर बांधली आणि मी मागं बसले. जयसिंग चादरीला मुजरा करू लागला. पोरांना तेवढंच हवं होतं.

"जया, चादर धुतल्याली हाय का बघ आधी."

"अरं, मागं कोण हाय ते आम्हांला दिसत न्हाई व्हय? वाऱ्यानं उडती की."

जयसिंग एकाच्या अंगावर धावून गेला. नंतर तो बाईंकडं आला. "बाई, चादरीला वाकायला लाज वाटती. समोर कायतरी पायजे. मी आमच्यातली खुर्ची आणतो."

दुसऱ्या दिवशी दोन गड्यांनी ती खुर्ची उचलून आणली. तशी खुर्ची मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. सागवानी, उंच पाठीची, हातांवर पितळी फुलं ठोकलेली. बसायच्या जागी लाल मखमल. मी चादरीमागून पुढं आले आणि एका पितळी फुलाकडं हात नेला.

"हात लावू नगंस गं," गडी म्हणाला. "परत घरात न्यायची हाय. थोरल्या मालकांची हाय."

तो रागावून बोलला नव्हता. उन्हात उभी राहू नकोस, असं सांगावं तसं म्हणाला. मी हात मागं घेतला.

तेव्हापासून खुर्ची पुढं रिकामी, मी मागं, आणि जयसिंगचा मुजरा खुर्चीला. तालीम संपल्यावर तो माझ्याजवळ आला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मला काय न्हाई बघ, अनसा. आमच्यात आसंच हाय."

"मला ठावं हाय."

"किल्ल्या मी खऱ्या आणणार हाय. आमच्या बळदाच्या. मस्त वाजत्यात."

बळद म्हणजे त्यांची धान्याची खोली. माझी आई त्या बळदाच्या दारात बसून जोंधळे निवडायची. आत जायची नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी तात्यासाहेब परत आले. खुर्चीकडं बघत थोडा वेळ उभे राहिले.

"रिकामी खुर्ची बरी दिसत नाही, बाई. घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. उद्या पाहुणे येणार, साहेब येणार." त्यांनी पायरीकडं बघितलं. "आमची मालन बसेल. नुसती बसेल. बोलायचं नाही, आणि पदर कपाळाच्या खाली. भाऊच बहिणीपुढं वाकला तर त्यात काही वावगं नाही."

सगळं मिटलं. त्यांच्या घरच्या मुलीनं चारचौघांत बोलायचं नव्हतं, आणि मी त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं. दोघींना मिळून एक राणी तयार झाली.

मालन रुमाल घेऊन उभी राहिली. तिला कुणी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण मी खुर्चीकडं बघत होते.

सगळे गेल्यावर बाई माझ्याजवळ बसल्या. "तू तुझं लुगडं नेस उद्या. मागं कुणाला दिसणार नाही, पण नेस. राणीसारखं वाटेल."

मी विचारलं, "बाई, तुमच्या दाराला कडी बसली?"

मी सहजच विचारलं होतं. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं.

"बसली," त्या म्हणाल्या.

---

आईला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आली नसती. आणि ती यायला हवी होती, हे मला नक्की ठाऊक होतं. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

संमेलन उन्हं उतरल्यावर सुरू झालं. शाळेच्या ओट्यावर रंगमंच केला होता. पुढं खुर्च्यांवर तात्यासाहेब आणि पाहुणे, मागं सतरंज्यांवर गाव, आणि कुंपणाशी उभी आमची वस्ती. मी हिरवं लुगडं नेसून चादरीमागं बसले. चादर जिथं बांबूला बांधली होती तिथं फट होती. त्यातून मला खुर्चीची पाठ दिसत होती, मालनचा खांदा दिसत होता, आणि त्यापलीकडं सगळी माणसं. मालन जरीचं लुगडं नेसली होती. तिच्या अंबाड्यातल्या शेवंतीचा वास माझ्यापर्यंत येत होता.

"अनसा," पदराआडून ती पुटपुटली, "माझं पाय कापत्यात."

"बसलीयास न्हवं?" मी म्हटलं. "बसल्यावर कशाला कापतील."

तिनं पदर आणखी खाली ओढला.

नाटक सुरू झालं. मी पहिलं वाक्य म्हटलं आणि कुंपणाशी आईला शोधलं. माझा आवाज ऐकताच तिचा हात तोंडावर गेला. मग ती टाचा उंच करून रंगमंचावर मला शोधू लागली. खुर्चीवर मालन होती. आईनं शेजारच्या आत्याला काहीतरी विचारलं. आत्यानं चादरीकडं बोट दाखवलं. आईनं मान हलवली, आणि ती हसली. तिला वाटलं असणार, राणी अजून बाहेर यायची आहे.

मी छान बोलत होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या एकेका वाक्याला मैदान गप्प होत होतं. ओट्यावर मालनची मान माझ्या शब्दांबरोबर किंचित हलायची, आणि समोरून बघणाऱ्याला खरंच वाटत असेल की राणीच बोलते आहे.

दरबाराचा प्रवेश सुरू झाला आणि पुढच्या रांगेत एका पाहुण्याचं मूल ओकलं. अगदी ओट्यासमोर. बायकांनी पदर नाकाला लावले. तात्यासाहेबांनी मान न वळवता हात वर केला.

"हौसा."

एवढंच. कुंपणाशी तीस-चाळीस माणसं होती, पण हाक माझ्या आईलाच. ती त्यांच्या घरी राबणारी. आई धावत आली. पदरात माती भरून आणली होती. ओट्यासमोर येऊन ती थांबली. आधी तिनं नजर खाली केली, मग मान, मग खांदे, मग कंबर. माती पसरून ती दोन्ही हातांनी घाण गोळा करू लागली. तिच्या डोक्यावरून लोक नाटक बघत राहिले. नाटक काही थांबलं नव्हतं.

"कोठाराच्या किल्ल्या इथं ठेव," मी म्हटलं.

जयसिंगनं किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर टाकला. खरंच मस्त वाजला.

आता पुढचं वाक्य माझं होतं. मान खाली घाल. फटीतून मला मालनचा खांदा दिसत होता, जयसिंग दिसत होता, आणि त्या दोघांच्या मधोमध, खाली, आईची मान. ती घातलेलीच होती.

मी वाक्य विसरले नव्हते. नंतर सगळ्यांनी तसंच धरलं, आणि मीही तसंच सांगितलं. पण ते वाक्य माझ्या तोंडात होतं आणि बाहेर येत नव्हतं. शेजारच्या कोपऱ्यातून बाई कुजबुजल्या, "आता मान खाली घाल... अनसा, आता मान..." जयसिंग उभा होता. मागं कुणीतरी खाकरलं. एक-दोन पोरं हसली.

आणि मग खुर्चीवरून आवाज आला.

"आता मान खाली घाल."

आवाज आधी चिरका होता, फुटका. बरेच दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा. मालननं पदर मागं सारला होता.

"माझ्यापुढं नव्हे," ती म्हणाली, आणि आता आवाज स्वच्छ होता. "उपाशी राहिलेल्या माणसांपुढं."

जयसिंग तिच्याकडं बघत राहिला. घरात रोज भेटणारी बहीण, पण त्यानं तिला पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग त्याची नजर खाली गेली, मग मान, मग खांदे. मी शिकवला होता अगदी तसा मुजरा त्यानं केला.

टाळ्या आधी कुंपणाकडून आल्या, मग सतरंज्यांवरून. पुढच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनीही वाजवल्या. त्यांना काय माहीत. तात्यासाहेबांचे हात मांडीवरच होते. मालननं शेवटच्या वाक्यासाठी श्वास घेतला. मला तिचे खांदे वर झालेले दिसले. तेवढ्यात तात्यासाहेबांनी हेडगुरुजींकडं बघितलं, आणि दर्शनी पडदा पडला.

प्रधान वाकलेलाच राहिला. 'ऊठ' म्हणायचं राहून गेलं.

मी चादरीमागून बाहेर आले. मालन खुर्चीजवळ उभी होती, धापा टाकत.

"माझं वाक्य होतं ते," मी म्हटलं.

"तू थांबलीस."

"म्हणून काय झालं?"

"मला समदं पाठ हाय," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "पहिल्यापास्नं. तुझं पण, जयाचं पण. रोज बसून करणार काय मी?"

मी आणखी काहीतरी लागेल असं बोलणार होते. पण तिची चुलती मागून आली. काही न बोलता तिनं मालनचा पदर ओढून हनुवटीपर्यंत आणला आणि दंडाला धरून तिला नेलं. गडी आले आणि खुर्ची उचलून घेऊन गेले.

घरी आई दारातच बसली होती. तिच्या नखांत अजून माती होती. मी लुगड्यातच आले होते. तिनं बसल्या बसल्या निऱ्यांना हात लावला.

"नेसली व्हतीस व्हय?"

"व्हय. मागं."

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "मी बघितलंच न्हाई बघ. तेवढ्यात हाक आली."

---

मालन दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. नंतरही आली नाही. आई त्यांच्या घरच्या कामावरून यायची तेव्हा थोडंथोडं कळायचं. चारचौघांत तोंड उघडलं म्हणून तिला माडीवर ठेवलंय. स्थळ बघतायत. ठरलं. बाईंना खोली रिकामी करायला सांगितली. परीक्षेच्या आधीच एका सकाळी त्या एस.टी.त बसून गेल्या. मला हात करायचा म्हणून असेल, त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता, पण मी लांब, ओढ्याच्या बाजूला होते. त्यांना मी दिसले की नाही, ठाऊक नाही.

मालनचा मला राग होता. पुष्कळ दिवस होता. तिनं माझं वाक्य घेतलं, माझी खुर्ची घेतली, माझ्या टाळ्या घेतल्या, असं मी मनात मोजत असायची. तिच्या पदरात त्यातलं काय पडलं ते मी मोजलं नव्हतं.

मी पुढं शिकले, शिक्षिका झाले, आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मुलांची नाटकं बसवली. मुलं विचारायची, बाई, तुम्ही कधी नाटकात होता? होते. कोण होता? राणी. मुलांचा लगेच विश्वास बसायचा. मग ती विचारायची, शेवटी काय होतं हो? मी म्हणायची, पडदा पडतो. चला, तालीम सुरू करा.

पण शेवट त्या दिवशी झाला नव्हता. तो चैत्रात झाला, मालनच्या लग्नात.

लग्नातल्या उष्ट्या पत्रावळी उचलायचं काम आमच्या घराकडं होतं. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. ते होतंच. आई आणि मी उष्टं भरायच्या पाट्या घेऊन मांडवाबाहेर उभ्या होतो. एक पंगत उठत होती. मांडवात, सगळ्यांच्या पुढं, ती खुर्ची होती. तीच. पितळी फुलं घासून चकचकीत केली होती. खुर्चीवर मालन बसली होती, पदर कपाळाच्या खाली. बायका येऊन तिची ओटी भरत होत्या. ती हलत नव्हती, बोलत नव्हती. शेजारी नवरदेव उभा होता. तिच्या वडिलांच्या वयाचा नसेल, पण जयसिंगच्याही वयाचा नव्हता. आणि जयसिंग पाहुण्यांना विडे देत फिरत होता, नवा फेटा बांधून.

ओटी भरणारी एक बाई बाजूला झाली आणि मालननं मान जराशी वर केली. पदराखालून तिला मांडवाबाहेरचं जेवढं दिसत असेल, तेवढ्यात मी होते. तिनं मला बघितलं. मी पाटी मागं लपवली, आणि मग उगाच वाटून परत पुढं घेतली.

मालनचे ओठ हलले.

आवाज नव्हता. ताशे वाजत होते, आणि नसते वाजत तरी आवाज आला नसता. पायरीवर बसून ती जशी ओठ हलवायची, तसेच हलले. मला तेव्हा वाटलं होतं, ती टाके मोजते आहे. आता मला कळलं, ती काय म्हणते आहे. पडदा पडल्यामुळं राहून गेलेलं. तिचे ओठ थांबले आणि ती माझ्याकडं बघत राहिली, जणू आता माझी पाळी.

"ऊठ," मी म्हटलं. ती खुर्चीवर होती आणि मी उष्ट्या पत्रावळींपाशी. "आजपासून या राज्यात कुणी कुणापुढं वाकायचं नाही."

ताशांत माझा मलाच आवाज आला नाही. मालनच्या पुढं दुसरी बाई येऊन उभी राहिली, आणि ती दिसेनाशी झाली.

"काय पुटपुटतीस?" आईनं विचारलं.

"काय न्हाई."

"मग वाक की. कुत्री यायच्या आत गोळा करायच्या हायत."

मी नजर खाली केली. मग मान. मग खांदे पडू दिले. कंबर आपोआप आली.